मेल्यावरचं हसू

किनाऱ्यावरच्या सुरूच्या झाडांना कनाती बांधून आमची रंगभूषेची खोली केली होती. मी आरशासमोर बसले होते आणि आमचे रंगभूषाकार माझ्या तोंडाला काळा रंग लावत होते. कपाळ झालं, उजवा गाल झाला, डाव्याकडे वळणार एवढ्यात यासीनभाई कनात बाजूला सारून आत आले आणि जागीच थांबले.

“हे काय चाललंय?” त्यांनी विचारलं.

“तुमची बायको तयार होतेय,” मी म्हटलं. “उशीर झाला म्हणून ओरडू नका, आपला संसार आजच सुरू होतोय.”

ते हसले नाहीत. एक खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले आणि माझा अर्धा रंगवलेला चेहरा निरखत राहिले. मला उगाचच ओशाळल्यासारखं झालं. मग ते शांतपणे म्हणाले, “बाय, माझी बायको जुलेखा गव्हाळ आहे. बहीण माझ्याहून उजळ, धाकटा भाऊ माझ्याहून काळा. एका ताटात जेवतो आम्ही. माझ्या बायकोला माझाच रंग लागतो, हे तुला कुणी सांगितलं?”

सांगितलं होतं आमच्या दिग्दर्शकांनी, नानासाहेब इंगवल्यांनी. मग यासीनभाईंनी मला तशीच, अर्ध्या तोंडाने काळी, हाताला धरून त्यांच्यासमोर उभी केली. नानासाहेब पोहे खात होते. ते मला पाहून खो खो हसले, समोर कुणीच हसत नाही म्हटल्यावर बशी खाली ठेवली. यासीनभाई म्हणाले की आजवर लोकांनी माझा रंग फासून माझी सोंगं काढली, ती मी बघत आलो, पण या चित्रपटात ते नको. नानासाहेब वाईट माणूस नव्हते, आळशी होते. जे आजवर चालत आलं ते पुढे चालवायचं, एवढाच त्यांचा दोष. त्यांनी खोबरेल मागवलं आणि माझं तोंड पुन्हा माझं झालं.

या गोष्टीला चाळीसेक वर्षं झाली. यासीन सिद्दी हे नाव तुम्ही ऐकलं नसेल, पण चेहरा नक्की पाहिला असेल. शेकडो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून गलबतांनी जी माणसं आपल्या किनाऱ्याला लागली, त्यांच्या वंशातले ते. ज्यांनी जंजिऱ्यावर राज्य केलं ते सिद्दी. यासीनभाईंचं घर त्या किल्ल्यासमोरच्याच राजपुरीत होतं, पण राज्य वगैरे काही त्यांच्या वाट्याला आलं नव्हतं, होडी आली होती. तरुणपणी ते मुंबईच्या गोदीत हमाली करायला गेले आणि तिथे एका निर्मात्याच्या माणसाने त्यांना हेरलं. राजवाड्याच्या दारात तलवार घेऊन उभा राहणारा हबशी हवा होता. तिथून जे सुरू झालं ते वीस वर्षं चाललं. पहारेकरी, जल्लाद, गुलाम, दिव्यातून निघणारा राक्षस, कढईभोवती नाचणारा नरभक्षक. संवाद म्हणून नुसतं गुरगुरायचं. इतकं गोड, समुद्राच्या काठचं मराठी बोलणारा माणूस, पण पडद्यावर त्याच्या तोंडून एक मराठी शब्द कुणी बाहेर पडू दिला नाही.

आणि प्रत्येक चित्रात मरायचं. कधी नायकाच्या तलवारीने, कधी बुरुजावरून ढकलून. एकदा मगरीने खाल्लं, ती मगर कागदाच्या लगद्याची होती आणि तिचा जबडाच मिटेना, म्हणून बिचाऱ्यांनी स्वतःच्या हाताने तो ओढून घेतला आणि मेले.

पण हा गुरगुरणारा माणूस कॅमेरा बंद झाला की बोलायचा, आणि बोलायला लागला की निर्माते वाट बदलून जायचे. गर्दीतल्या नटांची संघटना त्यांनीच उभी केली. एका चित्रीकरणात एक पोऱ्या घोड्यावरून पडून त्याचा पाय मोडला आणि मालकांनी त्याला टांग्यात घालून घरी पाठवलं, तेव्हा यासीनभाई सगळ्या गर्दीला घेऊन स्टुडिओच्या दारात बसले. राजा, प्रधान, नर्तकी सगळे आत, आणि सैन्य बाहेर. पोऱ्याच्या औषधपाण्याची सोय झाल्याशिवाय ते उठले नाहीत. त्यानंतर दोन वर्षं त्यांना कुणी उभं केलं नाही, ते गावी जाऊन मासे मारत राहिले. पुन्हा बोलावणं आलं तेव्हा एका जंगलपटात त्यांना कसलीतरी अगम्य बडबड करायला सांगितली. त्यांनी विचारलं, “ही भाषा बोलणारा एक माणूस दाखवा, मी शिकून येतो.” हा किस्सा आमच्या धंद्यात सगळ्यांना पाठ होता.

अशा माणसाला नानासाहेबांनी पहिल्यांदा माणसाची भूमिका दिली होती. तांडेल, म्हणजे गलबतावरच्या खलाशांचा म्होरक्या. नायकाचा मित्र. त्याला घर होतं, बायको होती, पानंच्या पानं संवाद होते. बायको मी. तेव्हा मी चौतिशीची होते आणि आठ वर्षं नायकांच्या आया करून कंटाळले होते. अंगाने जरा भरलेली बाई दिसली की आमच्याकडे तिच्या कडेवर नायक देतात. बकुळा सावर्डेकर म्हणजे आई, हे ठरून गेलं होतं. त्यामुळे कुणाची तरी बायको व्हायला मिळालं याचाच मला केवढा आनंद. पण यासीनभाईंना आनंद कशाचा होता ते मला दुसऱ्या दिवशी कळलं.

चित्रीकरण त्यांच्याच किनाऱ्यावर असल्याने त्यांची आई रोज दुपारी डबा घेऊन यायची. हलीमाबी. सगळे तिला अम्मा म्हणायचे. हाडाची काटकुळी, पण आवाज असा की भोंगा लागू नये. तांदळाची भाकरी आणि कालवण घेऊन ती वाळूत बसायची आणि कॅमेऱ्याकडे पाठ करायची. मी विचारलं, अम्मा, मुलाचं काम बघत नाही का. ती म्हणाली नाही, आणि डबा सोडायला लागली. मग यासीनभाईंनी सांगितलं. त्यांचं पहिलं चित्र ती अलिबागला जाऊन बघून आली होती. मुलाला बुरुजावरून खाली टाकलं, तेव्हा ती किंचाळत थेटरातून बाहेर पळाली ती परत कधी आत गेली नाही. मुलगा घरी आला, समोर बसून जेवला, तरी तिची भीती गेली नाही. तेव्हापासून यांचं नवं चित्र लागलं की ती मुलाच्या अंगावरून एक कोंबडी ओवाळून गरिबाला देऊन टाकायची, जिवावरचं संकट टळावं म्हणून. सदका म्हणतात त्याला.

“या खेपेला मी तिला शब्द दिलाय,” यासीनभाई म्हणाले. “या चित्रात शेवटपर्यंत जिवंत आहे मी. ती येणार आहे बघायला. वीस वर्षांत आईने माझं काम बघितलं नाही, बाय.”

एवढं मोठं, दांडगं माणूस, पण हे सांगताना मान खाली घालून वाळूत रेघा ओढत होतं. मला भडभडून आलं. माझी आई माझ्या प्रत्येक चित्राला पहिल्या रांगेत बसून नावं ठेवायची, त्याचा मला तोवर त्रासच वाटत होता.

मुक्काम संपायला दोन दिवस राहिले आणि नानासाहेब अलिबागला जाऊन मुंबईच्या वितरकाशी फोनवर बोलून आले. उतरलेल्या तोंडाने त्यांनी आम्हा दोघांना बाजूला घेतलं. आतापर्यंतचं चित्र वितरकाने पाहिलं होतं. त्याचं म्हणणं, शेवट मिळमिळीत आहे. नायकावर झाडलेली गोळी तांडेलाने छातीवर घ्यावी आणि नायकाच्या मांडीवर प्राण सोडावा, म्हणजे बायकांचे पदर ओले होतील. नाहीतर तो चित्र घेणार नाही.

यासीनभाईंनी ऐकून घेतलं आणि एकच शब्द म्हणाले, “नाही.” नानासाहेबांनी परोपरीने विनवलं. शेवटी हात टेकून म्हणाले, मग हे चित्र डब्यात पडेल, आणि यात राबलेल्या सगळ्यांचं वर्ष पाण्यात जाईल, तुझ्या संघटनेची माणसंसुद्धा आली त्यात.

ते वर्मावर बोट होतं. यासीनभाई उठून पाण्याच्या कडेने लांबवर चालत गेले. खलाशांची कामं करणारी त्यांची माणसं होडीच्या सावलीत पत्ते कुटत बसली होती, त्यांना कशाचा पत्ता नव्हता. परत आले तेव्हा त्यांचा पायजमा गुडघ्यापर्यंत भिजला होता.

“मरतो,” ते म्हणाले. “पण मरताना मी नायकाशी बोलणार नाही, बायकोशी बोलणार. आणि काय बोलायचं ते मी ठरवणार.”

नानासाहेबांनी चटकन कबूल केलं. मी मात्र अम्माचं काय ते विचारलं. ते म्हणाले, तिला उद्या डबा आणू नको म्हणून सांगतो, आणि दुसरं काय ते कोंबडीवाल्याला सांगू.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मेले. रक्त म्हणून काकवी लावली होती, त्यावर माशा घोंगावत होत्या आणि त्या हाकलायची सोय नव्हती, कारण मेलेला माणूस माशा हाकलत नाही. त्यांचं डोकं माझ्या मांडीवर. लिहून दिलेल्या संवादात जीवन सार्थकी लागल्याबद्दल लांबलचक काहीतरी होतं. यासीनभाईंनी माझ्याकडे बघितलं आणि घरातलं काम सांगावं तसं म्हणाले, “होडी वर ओढून घे गो. भरती येतेय.” आणि डोळे मिटले. मी कितीतरी वेळा पडद्यावर रडले आहे, ग्लिसरीन घालून. त्या दिवशी ग्लिसरीनची बाटली तशीच राहिली.

शॉट संपला. नानासाहेबांनी डोळे पुसत शाबासकी दिली आणि माणसं पुढच्या जागेकडे सामान हलवायला लागली. यासीनभाई उठायच्या तयारीत होते, मी त्यांचं डोकं तसंच दाबून धरलं.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. पडद्यावर मेलेल्या नटाला लगेच, त्याच जागी, त्याच कपड्यांत कॅमेऱ्याकडे बघून हसायला लावतात आणि तेवढा तुकडा फिल्मवर घेतात. तो चित्रात कुठे वापरत नाहीत. अपशकुन मोडावा, मरण तिथल्या तिथे पुसलं जावं, एवढ्यासाठी घ्यायचा. मी दोनदा मेले होते, दोन्ही वेळा मला हसवलं होतं. नायकाच्या नुसत्या फोटोला हार घातला तरी त्याला हसवत.

“नानासाहेब, हसरा तुकडा राहिला,” मी म्हटलं.

कुणाच्या ध्यानातच नव्हतं. यासीनभाई मांडीवरूनच हळूच म्हणाले, “सोड बाय. आमच्यासाठी कधी घेत नाहीत. आमच्यावर कोण फिल्म घालवणार?”

सगळी मरणं माझ्या डोळ्यांसमोरून गेली, ती मगरसुद्धा. इतक्या वेळा मारलेल्या माणसाला एकदाही कुणी उठवलं नव्हतं. मग मला जो संताप आला तो मी आवरला नाही. मी म्हटलं, मी या माणसाची विधवा म्हणून इथून हलणार नाही, आणि मी नाही हलले तर पुढचं दृश्य कुणाला घेऊन करायचं ते बघा. बाई खुळ्यासारखं करते म्हणून नानासाहेब पुटपुटले, पण कॅमेरामन माझ्याच गावचा होता. त्याने मुकाट्याने कॅमेरा परत लावला. आवाज घेणारा निघून गेला होता, तेव्हा नुसतं चित्रच.

कॅमेरा सुरू झाला आणि यासीनभाईंना हसता येईना. ते उठून बसले, छातीवरच्या काकवीकडे बघितलं, ओठ हलवले, आणि डोळे भरून आले. मरायचं कसं ते त्यांना पाठ होतं, उठायचं कधी कुणी सांगितलंच नव्हतं. फिल्म तर धावत होती. मी कॅमेऱ्याच्या बाजूला जाऊन पदर खोचला आणि म्हटलं, “अहो तांडेल, उठा. अम्माने सगळ्या कोंबड्या वाटून टाकल्या तर रात्री खाणार काय? माशा?”

आधी त्यांचे खांदे हलले. मग ते हसले. दोन्ही हात मागे वाळूत टेकून, मान वर करून, एवढं मोठं हसले की होडीजवळची माणसं पत्ते टाकून बघायला लागली. हसता हसता उभे राहिले आणि अंगावरच्या माशा हाकलल्या.

पुढे यासीनभाईंनी संघटनेतर्फे ही गोष्ट मान्यच करून घेतली. पडद्यावर जो मरेल, तो नायक असो की गर्दीतला बिननावाचा शिपाई, त्याला हसवल्याशिवाय जागेवरून उठवायचं नाही. लढाईच्या चित्रात एकदा निम्मं सैन्य ओळीने उभं करून हसवलं होतं, ते मी स्वतः बघितलं. पण ते नंतरचं.

चित्र पूर्ण होत आलं तेव्हा मी कोल्हापुरात जोडणीच्या खोलीत गेले. नको असलेले तुकडे तिथे टोपलीत टाकलेले असतात. त्यातून तो हसरा तुकडा मी मागून घेतला. जोडणीवाले म्हणाले, याचं काय करणार, याला आवाजही नाही. माझं मलाच धड ठाऊक नव्हतं.

दिवाळीनंतर फिरत्या तंबूतून ते चित्र मुरुडला लागल्याचं कळलं, तशी मी एसटीत बसले. आधी तंबूत गेले. यंत्र चालवणाऱ्याची फिल्म रोज कुठेतरी तुटायची, त्यामुळे जोडायचा डिंक त्याच्याकडे तयारच असायचा. त्याला तुकडा दिला, कुठे लावायचा ते सांगितलं. तो राजपुरीच्या शेजारचाच होता. तुकडा उजेडात धरून बघितला आणि कामाला लागला.

मग अम्माकडे गेले. तिला सगळं कळलं होतं, मुलाने त्या दिवशी घरी आल्यावर लपवलं नव्हतं. कोंबडी देऊन झाली होती. मी तिला म्हटलं, चला, तुमची सून बघायला तरी चला. ती नाही म्हणाली. यासीनभाई घरीच होते, ते माझ्यावर पहिल्यांदा आणि शेवटचं चिडले. म्हणाले, म्हातारीच्या जिवाशी का खेळतेस, तिने बघितलं नाही तर काय अडलंय. तुमचं अडलंय, असं मी म्हटलं. मी अम्माला शब्द दिला की हात सोडणार नाही, आणि नाही आवडलं तर पुन्हा तुमच्या दारात येणार नाही. का कोण जाणे, तिने बुरखा चढवला.

संध्याकाळचा पहिलाच खेळ होता. मध्ये दोरी बांधून एका बाजूला बायका, दुसऱ्या बाजूला पुरुष. अम्मा माझ्या शेजारी चटईवर बसली. यासीनभाई दोरीपलीकडे कनातीला टेकून उभे होते, पडद्याकडे नव्हे, आईकडे बघत. पडद्यावर तांडेल बोलायला लागला, त्यांच्याच गावच्या बोलीत, तेव्हा सगळा तंबू एकदम सरसावून बसला. अम्मा तोंडावर हात ठेवून ऐकत होती. शेवट जवळ आला तशी तिची बोटं माझ्या हातात रुतायला लागली. गोळी सुटली, ती उठायला लागली, मी तिला दोन्ही हातांनी धरून ठेवलं. तिने डोळे गच्च मिटले. तांडेलाने होडी वर ओढायला सांगितलं आणि मान टाकली. बायका रडत होत्या. एवढा वेळ मी मोठी शहाणी होऊन वागले होते, आणि आता तिच्या छातीत कळ आली तर मी कुणाला तोंड दाखवणार होते?

मग एकदम आवाज बंद झाला. पडदा क्षणभर पांढरा झाला, आणि तांडेल उठून बसला.

फक्त यंत्राची घरघर ऐकू येत होती. पडद्यावर तो छातीकडे बघत होता, त्याचे डोळे भरले होते. मी अम्माच्या कानाशी म्हटलं, “डोळे उघडा.” तिने उघडले. तेवढ्यात तो हसायला लागला, आवाज नाही, नुसतं तोंडभर हसू, हसत हसत उभा राहिला आणि माशा हाकलायला लागला. आधी पोरं ओरडली, मग सगळा तंबू उभा राहिला. कुणी शिट्ट्या मारत होतं, कुणी टोप्या उडवत होतं. राजपुरीची माणसं यासीनभाईंना खांद्यावर घेऊ बघत होती, पण ते दोरी ओलांडून बायकांच्या बाजूला आले आणि आईसमोर गुडघ्यांवर बसले.

अम्मा रडत नव्हती. तिने मुलाचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ चाचपून बघितला. मग त्याला जरा रागावूनच विचारलं.

“म्हणजे दर वेळेला तू असाच उठत होतास?”

यासीनभाईंनी होकाराची मान डोलावली.

“वीस वर्षं,” ती म्हणाली, आणि पांढऱ्या पडद्याकडे बोट केलं. “उठत होतास. हे दाखवत नव्हते.”